प्रोजेक्ट पोर्टफोलिओ व्यवस्थापन

एखाद्या संस्थेत चालू असलेले आणि मंजुरीच्या रांगेत उभे असलेले सगळे प्रकल्प एकत्र मांडून, कोणता आधी, कोणता नंतर आणि कोणता मुळीच नाही हे ठरवण्याची पद्धत. प्रकल्प व्यवस्थापनात हाती घेतलेले काम मुदतीत व खर्चात बसवायचे असते. इथे ते काम हाती घ्यावे का, हाच प्रश्न असतो.

कल्पना मूळची गुंतवणुकीतली. शेअर सुटा न पाहता संपूर्ण संचाची जोखीम व परतावा पाहावा, हे हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये गणिताने मांडले. हार्वर्डचे वॉरन मॅकफार्लन यांनी १९८१ मध्ये तोच विचार संगणक-प्रणालींच्या प्रकल्पांना लावला. या विषयाचे आयएसओ २१५०४ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१५ मध्ये निघाले.

प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी गुणांकनाचा तक्ता करतात: लाभ, खर्च, जोखीम, निकड, प्रत्येकाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे भारांक. तक्ता उपयोगी असतो, पण फार विश्वास ठेवण्यासारखा नसतो. प्रत्येक विभागप्रमुख आपल्या प्रकल्पाला भरघोस गुण देतो आणि ‘वरून आलेला’ प्रकल्प तक्त्याबाहेरूनच पहिल्या क्रमांकावर बसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एका वेळी किती कामे चालू ठेवायची याची मर्यादा. एका तुकडीकडे प्रत्येकी चार महिन्यांची तीन कामे असतील आणि ती एकामागून एक केली, तर ती चौथ्या, आठव्या व बाराव्या महिन्यात पूर्ण होतात. तिन्ही रोज थोडी थोडी केली, तर तिन्ही बाराव्या महिन्याच्या आसपास संपतात. तिसऱ्याला फायदा शून्य, पहिल्या दोघांना मात्र निव्वळ उशीर.

महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने याची किंमत मोजली आहे. नवनव्या धरणांना प्रशासकीय मान्यता मिळत गेली, उपलब्ध निधी सगळ्यांवर पातळ पसरला आणि सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे खात्याच्या बोलीतली ‘सुप्रमा’, नेहमीची बाब झाली. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची १९८३ मधली मूळ किंमत सुमारे ३७२ कोटी रुपये होती. सुधारित किंमत १८ हजार कोटींच्या वर गेली. महागाई, भूसंपादन, पुनर्वसन, व्याप्तीतील बदल अशी कारणे त्यामागे आहेत. रेंगाळण्याने यातले प्रत्येक कारण अधिक महाग झाले.

अशा वेळी ‘आजवर इतके पैसे घातले’ हा युक्तिवाद हमखास होतो. तो निकष नव्हे. उरलेल्या खर्चातून उरलेला लाभ किती, हे पाहायचे. धरणाची भिंत बांधून झाली आहे आणि वितरिका, म्हणजे शेतांकडे पाणी नेणारे छोटे कालवे, अपुऱ्या आहेत, असा प्रकल्प या हिशेबात नव्या धरणाच्या बराच पुढे लागतो. प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत रखडलेल्यांपैकी ९९ प्रकल्प निवडून त्यांना प्राधान्य दिले गेले, त्यांत महाराष्ट्राचे २६ होते. २०१८ च्या बळीराजा जलसंजीवनी योजनेत विदर्भ, मराठवाडा व इतर अवर्षणप्रवण भागांतील ९१ प्रकल्प घेतले, पैकी ८३ लघुपाटबंधारे. ९९ प्रकल्पांसाठी डिसेंबर २०१९ ही मुदत होती. ती सर्वांना पाळता आली नाही, कारण यादीने पैशाची अडचण सैल केली तरी भूसंपादनाची प्रकरणे तशीच होती. क्रम लावताना सर्वांत टंचाईची गोष्ट कोणती हे आधी ओळखावे लागते, आणि ती दरवेळी निधीच असते असे नाही.