सम्राटाची नाडी पाहणारी लेक

सन 1118चा उन्हाळा. कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) राजवाड्यात बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन सम्राट अलेक्सियस कॉम्निनसला पाठ टेकता येत नव्हती. आडवा झाला की श्वास कोंडायचा. ना हवा आत जायची, ना बाहेर यायची. रात्रंदिवस ताठ बसून राहायचं आणि कधी डोळा लागलाच तर त्या झोपेतच जीव गुदमरायचा. पोट फुगलं होतं, पाय सुजले होते, अंगात ताप होता. त्याच्याजवळ वैद्यांच्या घोळक्यात त्याची 34 वर्षांची थोरली लेक ॲना बसलेली असायची. वैद्यांचं म्हणणं ऐकून निवाडा करायचं काम खुद्द सम्राटाने तिच्याकडे दिलं होतं.

हे सगळं आपल्याला कळतं ते तिनेच पुढे लिहून ठेवलं म्हणून. ‘अलेक्सियड’ हा तिचा 15 खंडांचा ग्रंथ म्हणजे बापाच्या कारकिर्दीचा इतिहास. जेरुसलेम जिंकायला निघालेल्या पश्चिम युरोपीयांच्या पहिल्या धर्मयुद्धाकडे पूर्वेच्या बाजूने पाहणारं मोठं ग्रीक साधन म्हणून तो प्रसिद्ध आहे. पण मला त्यातला शेवटचा खंड सगळ्यात मोलाचा वाटतो. एका रुग्णाची इतकी बारीक, इतकी सलग नोंद त्या काळच्या इतिहासग्रंथांत क्वचितच सापडते.

आजचा हृदयरोगतज्ज्ञ अशा रुग्णाला हमखास एक प्रश्न विचारतो : “रात्री डोक्याखाली उशा किती लागतात?” बसलेल्या माणसाच्या पायांत आणि पोटात बरंचसं रक्त खाली साठून राहतं. आडवं झालं की ते छातीकडे परततं. धडधाकट हृदय ते सहज पुढे ढकलतं. दुबळ्या हृदयाला तो वाढीव भार झेपत नाही. मग फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढतो, पाणी फुफ्फुसांत झिरपतं आणि माणूस धापा टाकत उठून बसतो. या लक्षणाला ऑर्थोप्निया म्हणतात. त्याच्या जोडीला पायांवर सूज आणि पोटात पाणी. ॲनाचं वर्णन वाचून आजच्या काळात अनेकांनी ‘हार्ट फेल्युअर’ असं निदान केलं आहे, आणि ते पटण्यासारखंच आहे.

तिच्या वेळच्या वैद्यांकडे हा हिशोब नव्हता. रक्ताभिसरणाचा शोध लागायला अजून पाचशे वर्षं होती. ते प्राचीन ग्रीक वैद्य गेलनच्या परंपरेतले. रक्त, कफ, पित्त आणि काळं पित्त या चार द्रवांच्या भाषेत विचार करणारे. त्यांच्यातल्या निकोलस कॅलिक्लीसने आधीच धोक्याची सूचना दिली होती : हातापायांतला दोष आता आत वळतो आहे, रेचक देऊन तो बाहेर काढा. बाकीच्यांनी ते मनावर घेतलं नाही. ॲना लिहिते की आमचाही विश्वास बसला नाही, कारण आम्हाला तो बसू द्यायचाच नव्हता. घरात गंभीर आजारपण काढलेल्या कुणालाही हे वाक्य थेट भिडेल.

मग एकेक उपाय सुरू झाले. कोपराजवळची शीर उघडून रक्त काढलं, गुण आला नाही. काळ्या मिरीचं औषध दिलं. मिरी म्हणजे मलबारच्या किनाऱ्यावरून निघून समुद्रमार्गे तिथवर पोचलेलं महागडं द्रव्य. आणि खरोखरच उतार पडला! राजवाड्यात आनंदीआनंद झाला. तीन-चार दिवसांत धाप पुन्हा सुरू झाली. औषधाने दोष हलवला पण त्याला आवरता आलं नाही, उलट तो आत ढकलला गेला, असं ॲनाचं मत. तिची उपपत्ती आज टिकत नाही, पण उपाय, गुण, त्याची मुदत आणि उलटलेला परिणाम हा क्रम तिने जसाच्या तसा राखला आहे. पोटावर डागही दिले. अखेर 15 ऑगस्ट 1118ला, तिने वारंवार तपासलेली ती नाडी थांबली.

बापाच्या गाऊटबद्दलही (सांध्यांच्या दुखण्याबद्दलही) ती अशीच कारणं शोधत जाते. घोड्यावरून चेंडू खेळताना सेनापती तातिकियसला घोडा आवरला नाही, तो सम्राटावर आदळला आणि सम्राटाचा गुडघा दुखावला, हे तिच्या मते पहिलं कारण. दुसरं कारण म्हणजे धर्मयुद्धाला निघालेल्या फ्रँक सरदारांची सकाळपासून रात्रीपर्यंत चालणारी बोलणी, ज्यात सम्राटाला विश्रांतीलाही उसंत नसे. खाण्यापिण्याच्या चैनीमुळे हे दुखणं जडलं असं कुणी म्हणू नये, असं ती बजावते. इथे वैद्यापेक्षा लेकच जास्त बोलते आहे, हे उघड आहे.

ॲनाचा जन्म 1 डिसेंबर 1083चा, राजवाड्यातल्या जांभळ्या दालनात. राज्य करणाऱ्या सम्राटाची मुलं तिथे जन्मत. लहानपणीच तिचं लग्न आधीच्या एका सम्राटाच्या मुलाशी, कॉन्स्टँटाइन दूकासशी ठरलं होतं. 1087मध्ये भाऊ जॉन जन्मला आणि गादीचा वारस बदलला. पुढे तिचं लग्न निकेफोरस ब्रायेनियसशी झालं. तोही इतिहास लिहिणारा. तिच्या मृत्यूनंतर जॉर्ज तोर्निकिसने रचलेल्या गौरवपर भाषणात म्हटलं आहे की जुनं ग्रीक साहित्य ती आईवडिलांच्या नकळत, राजवाड्यातल्या शिकलेल्या खोजांकडून शिकली.

ज्योतिषही ती थोडं शिकली. उद्देश काय, तर त्या विद्येत काय दम आहे ते स्वतः पारखता यावं. कातानांगिस नावाच्या ज्योतिषाने सम्राटाच्या मृत्यूचं भाकीत केलं, तर त्या दिवशी राजवाड्यातला सिंह तापाने मेला. त्याने पुन्हा तारीख दिली, तेव्हा सम्राटाची आई वारली. सम्राट दोन्ही वेळा ठणठणीत! दुसऱ्या एका ज्योतिषाचं, सेथचं, भाकीत मात्र खरं ठरलं. ॲना तेही नोंदवते. फसलेली सांगून जमलेलं लपवत नाही. पुराव्याशी इतकं प्रामाणिक राहणं सोपं नसतं. पोरं या नादाला लागतील म्हणून सम्राटाने सेथला शहराबाहेर पाठवलं, पण खर्चाची सोय करून. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा सेथ म्हणजे सिमियन सेथ, म्हणजे आपल्या पंचतंत्रातल्या करटक-दमनकाच्या कथा अरबीतून ग्रीकमध्ये नेणारा विद्वान.

धूमकेतूचीही नोंद आहे. 40 दिवस-रात्री दिसत राहिलेला, पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणारा. 1106चा हा मोठा धूमकेतू चीन आणि जपानमध्येही टिपला गेला. अशा गोष्टींना नैसर्गिक कारण असतं असं सम्राटाचं मत होतं, हे ती सांगते. तरी त्याने जाणकारांकडे विचारणा केलीच, हेही सांगते.

पश्चिमेकडून आलेलं नवं धनुष्य तर तिने असं लिहिलंय की वाचणाऱ्याने करून पाहावं. दोन्ही पाय कमानीवर रोवायचे, दोन्ही हातांनी दोरी ओढायची, नळीसारख्या खोबणीत आखूड, जाड बाण ठेवायचा. तो ढाल भेदून चिलखताच्या पार जातो, असं तिचं म्हणणं.

तिच्या ग्रंथात कालक्रमाच्या चुका आहेत, बापाची बाजू तर पानोपानी आहे. भावाविरुद्ध तिने कट केला, ही प्रसिद्ध गोष्ट मात्र जपून घ्यावी. ती ठळकपणे येते निकेतास खोनियातिस या नंतरच्या बायझंटाइन इतिहासकाराच्या लेखनात, आणि त्याने लिहिलं अनेक दशकांनंतर. अलीकडच्या संशोधनात त्या कथेवर गंभीर शंका घेतल्या गेल्या आहेत. उतारवयात ती आईने स्थापलेल्या मठाच्या आश्रयाने राहिली. जुन्या सैनिकांच्या तोंडच्या हकिकती, साध्या भाषेतली टिपणं, वडील आणि मावशीचे यजमान यांचं कानावर पडलेलं बोलणं हे सगळं ती एकमेकांशी ताडून पाहत असे. एके ठिकाणी ती मध्येच लिहून जाते की दिवेलागण होत आली आहे, डोळ्यांवर झापड येते आहे आणि शब्द निसटत आहेत.

तिने विद्वानांनाही कामाला लावलं. ॲरिस्टॉटलच्या ज्या ग्रंथांवर टीका म्हणजे भाष्यं नव्हती, त्यांवर ती लिहवून घेतली. इफिससच्या मायकेलने प्राण्यांचे अवयव, त्यांची हालचाल, त्यांचं प्रजनन या जीवशास्त्रीय ग्रंथांवर लिहिलं. रात्री-रात्री जागून तिच्यासाठी काम केल्यामुळे माझे डोळे गेले, अशी त्याची तक्रार तोर्निकिसने नोंदवली आहे. त्याच्या आणि युस्ट्रेशियस या दुसऱ्या भाष्यकाराच्या नीतिशास्त्रावरच्या टीका 13व्या शतकात रॉबर्ट ग्रॉसटेस्ट या इंग्रज बिशपने लॅटिनमध्ये आणल्या आणि पश्चिम युरोपातले विद्वान त्यांच्या आधाराने ॲरिस्टॉटल वाचू लागले.