वाचकाच्या आड काय येतं? रसविघ्नांपासून नेत्रचाचणीपर्यंत

करुण प्रसंग वाचून डोळ्यांत पाणी येतं, तरी माणूस तेच पान पुन्हा उघडतो. खऱ्या दुःखापासून तो लांब पळाला असता. या कोड्याची आपल्याकडची चर्चा सुरू झाली ती रंगमंचापासून. वाचक तिच्यात मागाहून आला.

भरताच्या नाट्यशास्त्रातलं रससूत्र एका ओळीचं आहे: विभाव (भाव जागवणारी कारणं), अनुभाव (तो दिसतो त्या खुणा) आणि व्यभिचारी भाव (येऊन-जाऊन राहणारे भाव) यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते, म्हणजे भावाचा आस्वाद घडतो. 8 स्थायी म्हणजे टिकून राहणारे मूळ भाव, 33 व्यभिचारी, अश्रू-रोमांचासारखे 8 सात्त्विक, असा हिशेब चोख. पण ही 'निष्पत्ती' होते कुठे, यावर पुढे शतकानुशतकं वाद झाला. भाष्यकार भट्ट लोल्लटाच्या मते रस मुळात पात्राचा. शंकुक म्हणाला, प्रेक्षक नटावरून त्याचं अनुमान करतो, चित्रातल्या घोड्याला घोडा म्हणावं तसं. पण नुसत्या अनुमानाने कुणाचा कंठ दाटत नाही. भट्टनायकाने 'साधारणीकरण' पुढे आणलं: शोक माझाही नाही, शेजाऱ्याचाही नाही, नुसता शोक. मग इ. स. 1000च्या सुमारास काश्मिरात अभिनवगुप्ताने रसाचं ठिकाणच बदललं आणि तो सहृदयाच्या, म्हणजे जाणत्या, संवेदनशील रसिकाच्या अनुभवात आणून ठेवला.

त्याची सात रसविघ्नांची, म्हणजे रसाच्या आड येणाऱ्या अडथळ्यांची यादी मला सिद्धांताइतकीच मोलाची वाटते. कथेतली घटना संभवनीयच न वाटणं हे पहिलं विघ्न. भाव 'माझा' किंवा 'त्याचा' म्हणून धरून बसणं हे दुसरं. तिसरं, स्वतःच्याच सुखदुःखात मन गुंतलेलं असणं. उरलेली चार बहुतांशी रचनेची: साधनं अपुरी, प्रतीती अस्पष्ट, मुख्य भाव बाजूला पडलेला, किंवा हा भाव नेमका कोणता याचा संशय. तिसऱ्या विघ्नावरचा त्याचा उतारा गाणं-वाजवणं आणि सजवलेला मंडप असा आहे. एकट्याने पुस्तक घेऊन बसणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही, म्हणून वाचनात हे विघ्न जास्त छळतं.

मराठीत न. चिं. केळकरांनी 1921च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात 'सविकल्प समाधी' ही कल्पना मांडली. वाचक पात्राशी समरस होतो, पण आपलं भान सोडत नाही. ते सुटलं तर उरतो भ्रम, आणि समरसता नसेल तर नुसती माहिती.

त्याच दशकात केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या कविता वाचायला देत आणि अभिप्राय लेखी घेत. अशा 13 कवितांवरचे अभिप्राय तपासून त्यांनी 1929 साली दहा अडचणी नोंदवल्या. पहिलीच अशी, की पुष्कळांना कवितेचा साधा वाच्यार्थही लागलेला नव्हता. पुढे ठरीव प्रतिसाद, भावविवशता, तंत्राविषयीचे पूर्वग्रह वगैरे येतात. त्यांतली एक, 'असंबद्ध आठवणी', अभिनवगुप्ताच्या तिसऱ्या विघ्नाची जवळची नातलग आहे: ओळीत पाऊस आला की वाचक आपल्याच एखाद्या जुन्या पावसात निघून जातो, आणि अभिप्राय लिहितो तो त्या पावसावर.

2013 साली 'सायन्स' नियतकालिकातल्या पाच प्रयोगांनी दावा केला, की साहित्यिक कथेचा छोटा उतारा वाचल्यावर दुसऱ्याचं मन ओळखण्याची क्षमता लगेच वाढते. मोजमापांपैकी एक होती नेत्रचाचणी: 36 छायाचित्रांत फक्त डोळे, आणि प्रत्येकाखालच्या चार शब्दांतून योग्य भावना निवडायची. 2016मध्ये इतरांनी प्रयोग पुन्हा केले, तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. शिवाय त्या चाचणीत शब्दसंग्रहाचाही कस लागतो, त्यामुळे मुरलेल्या वाचकाला जास्त गुण मिळाले तर ते सहानुभूतीचे की शब्दज्ञानाचे, हे वेगळं काढणं अवघड जातं.