सिरोमा : स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर साठून राहणारे पाणी

स्तनाच्या कर्करोगासाठी स्तन किंवा काखेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्यानंतर त्वचेखाली जी पोकळी उरते, तिच्यात साठणाऱ्या पातळ, फिकट पिवळ्या द्रवाला सिरोमा म्हणतात. रुग्ण आणि घरचे लोक त्याला नुसते ‘पाणी’ म्हणतात. कोल्हापूरच्या बाह्यरुग्ण विभागात ‘पाणी काढायला आलोय’ एवढे सांगितले तरी पुरते. या शस्त्रक्रियेनंतर सर्वांत जास्त आढळणारी तक्रार हीच आहे. बहुतेक जणींचे पाणी काही आठवड्यांत शरीरातच जिरते. थोड्या जणींचे मात्र काढले की पुन्हा भरते आणि हे महिनोन्‌महिने चालते. या नोंदीत मुख्यतः त्यांचा विचार केला आहे, कारण शस्त्रक्रिया पार पडली, गाठ गेली, आता सगळे आटोपले असे घराला वाटत असते, नेमका तेव्हाच हा त्रास सुरू होतो.

स्तन काढताना वरची त्वचा छातीच्या स्नायूंपासून सुटी करावी लागते. त्यात असंख्य बारीक लसिकावाहिन्या आणि रक्तवाहिन्या तुटतात. त्वचा व स्नायू पुन्हा एकमेकांना चिकटेपर्यंत मधली जागा रिकामी राहते, आणि तुटलेल्या वाहिन्यांतून व जखमेच्या दाहातून पाझरणारा द्रव तिथे उतरतो. पहिले काही दिवस तो लालसर असतो, मग पिवळसर होत जातो. खांदा हलला की त्वचा स्नायूवर सरकते आणि नुकतीच धरलेली जागा पुन्हा सुटते. अंगाने स्थूल असलेल्या स्त्रियांत आणि काखेतल्या पुष्कळ ग्रंथी काढलेल्यांत हे प्रमाण जास्त असते. सेंटिनल ग्रंथी, म्हणजे स्तनाकडून येणारी लसिका काखेत जिथे सर्वांत आधी पोहोचते त्या ग्रंथी, आधी तपासून, गरज नसेल तर बाकीच्या तशाच ठेवण्याची पद्धत आल्यापासून काखेतले पाणी कमी झाले आहे. त्वचा आतून स्नायूला टाके घालून टेकवली, म्हणजे पोकळीच उरू दिली नाही, तर त्याचाही चांगला उपयोग होतो.

बाईने काहीतरी खाल्ले, फार पाणी प्याले म्हणून ‘पाणी धरले’ असे घरोघरी बोलले जाते. त्यात तथ्य नाही. पिण्याचे पाणी तोडल्याने छातीतले पाणी कमी होत नाही. उलट जखम भरायला प्रथिने लागतात. कोल्हापुरी घरात अंडी, मटण, दूध, डाळ-उसळ यांची वाण नसते, आणि हे सगळे बंद करून बाईला नुसत्या पेजेवर ठेवण्याचे काही कारण नाही. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणे मात्र खरोखर महत्त्वाचे, कारण त्यावर जंतुसंसर्गाचा धोका अवलंबून असतो.

शस्त्रक्रियेच्या वेळी पोकळीत एक किंवा दोन नळ्या ठेवतात. नळीच्या टोकाला दाबून बसवलेली, द्रव ओढून घेणारी बाटली असते. चोवीस तासांत जमणारा द्रव सुमारे ३० मिलिलिटरच्या खाली आला आणि तसाच दोन दिवस राहिला की साधारणपणे नळी काढतात. अनेक जणी नळीसह घरी जातात. बाटली रोज ठरलेल्या वेळी रिकामी करून आकडा वहीत लिहायचा, एवढे काम घरातल्या एकाने अंगावर घ्यावे. हे आकडे पाहूनच शल्यचिकित्सक निर्णय घेतात, आणि ‘थोडंच येतंय’ या उत्तराने त्यांना काहीच कळत नाही.

नळी काढल्यानंतर काही दिवसांत व्रणाखाली किंवा काखेत फुगवटा दिसू लागतो. हात लावला की आत पाणी हलल्याचे जाणवते. काही जणींना चालताना खळखळही ऐकू येते आणि त्या घाबरतात. पहिला विचार हाच येतो, की गाठ परत आली. सिरोमा म्हणजे कर्करोग नव्हे, कर्करोग परतल्याची ती खूणही नव्हे. हे शस्त्रक्रियेच्या आधीच, घरातल्या माणसांसमोर, स्पष्ट मराठीत सांगितले गेले पाहिजे. नंतर सांगितले तर तोवर कित्येक रात्री वाया गेलेल्या असतात.

पाणी प्रत्येक वेळी काढायलाच हवे असे नाही. फुगवटा लहान असेल, दुखत नसेल, त्वचा ताणलेली नसेल तर थांबणे हाच उपचार असतो. ताण येऊन दुखत असेल, व्रणाच्या कडा सुटतील अशी शक्यता असेल किंवा पाण्यामुळे पुढचे उपचार अडत असतील तर सुईने काढतात. काखेतून जाणारी संवेदनेची एक नस शस्त्रक्रियेत बहुधा तुटते किंवा दुखावते, त्यामुळे तो भाग बधिर असतो आणि सुई फारशी कळत नाही. पहिल्या वेळेला शंभर-दोनशे मिलिलिटर निघणे नवलाचे नाही. पुढच्या पुढच्या खेपेला आकडा उतरत गेला तर पोकळी मिटत चालली आहे असे समजावे. तो तसाच राहिला किंवा वाढला तर सोनोग्राफी करून आत कप्पे पडलेत का, हे पाहतात. प्रत्येक सुईबरोबर जंतू आत जाण्याची थोडी का होईना शक्यता असते, म्हणून ‘आहे तेवढे दर दोन दिवसांनी काढून टाका’ हा घरच्यांचा आग्रह डॉक्टरांनी मानू नये. तोच आग्रह गावातल्या दवाखान्यात सहज मानला जातो. तिथे पाणी काढायचेच असेल तर शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून आणि पूर्ण निर्जंतुक पद्धतीने काढावे.

बधिरपणाचा दुसरा धोका फारसा कोणी सांगत नाही. सूज दिसली की गरम पाण्याच्या पिशवीचा किंवा तव्यावर तापवलेल्या फडक्याचा शेक देण्याची आपल्याकडे सवय आहे. संवेदना नसलेल्या त्वचेला चटका बसतो आणि बाईला तो कळतच नाही. फोड आल्यावर लक्षात येते. हळद-चुन्याचा लेप आणि चोळणे हेही टाळावे. पट्टा किंवा घट्ट कपडा बांधल्याने काहींना आधार वाटतो, पण त्याने पाणी नक्की कमी होते असे म्हणता येत नाही.

कामाचा प्रश्न खरा अवघड आहे. बोटे, मनगट, कोपर यांची हालचाल पहिल्या दिवसापासून करायची असते, पण हात खांद्याच्या वर नेण्याचे व्यायाम बहुधा नळी निघेपर्यंत पुढे ढकलतात, कारण ते फार लवकर सुरू केले तर द्रव वाढतो. मग ते सुरू करावेच लागतात. न केल्यास खांदा आखडतो, आणि रेडिएशनच्या वेळी तर हात डोक्यामागे नेऊन निश्चल झोपायचे असते. या दोन टोकांमध्ये जिल्ह्यातल्या शेतकरी घरांतल्या बाईला बसवणे सोपे नाही. म्हशीची धार काढणे, वैरणीचा भारा डोक्यावर घेणे, उसात भांगलण, भरलेली कळशी उचलणे, ही सगळी कामे खांद्यावर आणि छातीच्या स्नायूवरच येतात. भारा आणि कळशी तरी पहिले दीड-दोन महिने दुसऱ्या कोणी उचलावी. बाईने ‘होतंय की’ म्हटले तरी उचलावी. दूध डेअरीला घालून घर चालते हे खरे आहे, म्हणूनच तिच्या धारेच्या पाळीची सोय शस्त्रक्रियेची तारीख ठरते त्याच दिवशी घरात बोलून ठेवावी.

पाणी साठून राहिले की पुढचे वेळापत्रकही ढळते. जखम नीट भरेपर्यंत केमोथेरपी सुरू करता येत नाही, आणि संसर्ग झाला तर ती आणखी लांबते. रेडिएशनचे मोजमाप छातीच्या आकारावरून सीटी स्कॅन काढून केलेले असते. मध्येच पाणी भरले किंवा ओसरले तर आकार बदलतो आणि नियोजन नव्याने करावे लागू शकते. स्तन ठेवून फक्त गाठ काढलेली असेल तेव्हा हिशेब वेगळा. गाठीच्या जागी साठलेले पाणी स्तनाचा आकार सांभाळते, म्हणून ते सहसा काढत नाहीत.

कोल्हापुरात या शस्त्रक्रिया छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सीपीआरमध्ये, तसेच खासगी रुग्णालयांत आणि गोकुळ शिरगावसारख्या शहरालगतच्या भागातल्या कर्करोग केंद्रात होतात. शिरोळ-इचलकरंजीकडचे पुष्कळ रुग्ण मिरजेला, चंदगड-गडहिंग्लजकडचे बेळगावला जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन बसते. वारंवार पाणी काढायला येण्यात मात्र खर्च होतो तो प्रवासाचा आणि बुडालेल्या रोजगाराचा. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, पण सोबत येणाऱ्या मुलाचे किंवा नवऱ्याचे तिकीट पूर्ण लागते. पावसाळ्यात तर पंचगंगेला पूर आला की रस्तेच बंद होतात, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तसे झाले. जून ते सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया असेल तर ताप आल्यास किंवा फुगवटा लाल, गरम झाल्यास जवळच्या कुठल्या रुग्णालयात जायचे हे रुग्णालयातून सुट्टी घेतानाच विचारून, लिहून घ्यावे. ताप, लाली, गरमपणा, पू किंवा घाण वास, तसेच काही तासांत अचानक वाढलेली ताठ सूज या गोष्टींना पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये.

दोन-तीन महिने उलटूनही पोकळी मिटत नसेल तर तिच्या भिंतींवर तंतुमय अस्तर तयार होते. असे अस्तर एकमेकांना चिकटत नाही, म्हणून सुईने कितीही वेळा काढले तरी पाणी भरतच राहते. तेव्हा काही दिवस पुन्हा नळी ठेवतात, किंवा पोकळीत डॉक्सिसायक्लिन, टाल्क यांसारखे द्रव्य सोडून भिंतींना मुद्दाम दाह आणतात, म्हणजे त्या चिकटाव्यात. हे दुखते आणि दरवेळी यशस्वी होत नाही. शेवटचा मार्ग अस्तर कापून काढून जागा टाक्यांनी मिटवण्याचा. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या नावानेच घर हादरते, पण वर्षभर सुया सोसण्यापेक्षा ती बरी, अशी वेळ काहींवर येते.

पाणी पूर्ण जिरेपर्यंत जड सिलिकॉनचा बाह्य कृत्रिम स्तन वापरू नये. तोवर ब्लाऊजच्या आत सुती कापडाची, कापूस भरलेली हलकी घडी शिवून घेता येते. आत कृत्रिम स्तन बसवलेल्या स्त्रीला वर्षभरानंतर किंवा त्याहून उशिरा एका बाजूला पाण्याची सूज आली, तर तिला साधा सिरोमा समजून सोडून देऊ नये. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) होतो, आणि त्याच्या शोधासाठी ते पाणी पेशींच्या तपासणीला पाठवावे लागते.