शाळा एका खात्यात, ग्रंथालय दुसऱ्या खात्यात

'शाळा आणि ग्रंथालयांतील तंत्रज्ञान' अशा विषयावर शिक्षकांची परिषद भरली की कार्यक्रमपत्रिका बहुधा ठरलेली असते. सकाळची सत्रं स्मार्ट बोर्ड, अ‍ॅप आणि हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची. ग्रंथपालांचं सत्र जेवणानंतर, अर्धा हॉल रिकामा झाल्यावर. यात आयोजकांचा दोष फारसा नाही. आपल्याकडे यंत्रं शाळेत एका वाटेनं आली आणि ग्रंथालयात दुसऱ्या, आणि या दोन वाटा एकमेकींना फारशा भेटल्याच नाहीत. सुरुवात मात्र एकत्र झाली होती, तीही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, बडोद्यात.

सयाजीराव गायकवाडांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आधी १८९३ मध्ये अमरेली भागात करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. त्यातून पुढची अडचण उभी राहिली. चार इयत्ता शिकून शेतावर गेलेल्या पोराच्या हाती वाचायला काही पडलं नाही, तर काही वर्षांत ते अक्षर विसरतं आणि शाळेवरचा खर्च पाण्यात जातो. महाराजांना ग्रंथालय हवं होतं ते मुख्यतः यासाठी. अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं पाहून आल्यावर १९१० मध्ये त्यांनी विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. बॉर्डन जेमतेम तीन वर्षं राहिले, पण तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग आणि गावोगावच्या ग्रंथालयांची घडी बसवून गेले. पैशाचा हिशेब सरळ होता: गावानं जेवढी वर्गणी जमवायची, तेवढीच भर प्रांत पंचायतीनं आणि तेवढीच सरकारनं घालायची.

जिथं ग्रंथालय उभं राहणं शक्य नव्हतं तिथं पेटी जायची. लाकडी, कुलपाची, पंधरा ते तीस पुस्तकं मावतील एवढी. गावातल्या मास्तरांनी किंवा कुणा जबाबदार माणसानं मागणी केली की पेटी निघायची. वाहतुकीचा खर्च दरबाराचा. वाचून झाली की ती परत, मग दुसरी. आजच्या भाषेत याला कुणी 'कंटेंट डिलिव्हरी' म्हणेल, म्हणो बापडा.

ज्यांना वाचताच येत नव्हतं त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्यानं दृश्य शिक्षणाची वेगळी शाखाच काढली. जादूचा कंदील, म्हणजे काचेवरची चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर मोठी करून दाखवणारं यंत्र. दोन भिंगांतून पाहिलं की चित्राला खोली आणणारे स्टिरिओस्कोप. आणि चक्क सिनेमा. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला १९१३ मध्ये, आणि त्याच सुमारास बडोद्याचं ग्रंथालय खातं खेड्यापाड्यांत फुकट खेळ करत होतं. सिनेमाचं यंत्र ग्रंथालयानं का बाळगावं, असा प्रश्न त्या खात्याला पडलेला दिसत नाही. तो प्रश्न आपल्याला पडतो, कारण आपण नंतर कपाटं वेगळी केली.

बॉर्डननंतर ग्रंथालयांची सूत्रं जे. एस. कुडाळकर यांच्याकडे आली. १९१२ पासून निघू लागलेलं 'लायब्ररी मिसेलनी' हे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत छापलं जाई. १९१९ मध्ये मद्रासला अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषद भरली, तिचे अध्यक्ष हेच कुडाळकर. आजच्या परिषदांना पूर्वज शोधायचा तर तो इथं सापडतो. बडोद्याच्या प्रयोगाचा मराठी वाचकांत उल्लेख होतो तो सयाजीरावांच्या गौरवापुरता. पेटी कशी फिरायची, पैसे कोण घालायचं, हा त्यातला खरा कामाचा भाग मागे पडतो.

पुढे फाटे फुटले. कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला १९६७ मध्ये. संस्थांनी ग्रंथालयं चालवायची, सरकारनं अ, ब, क, ड वर्ग ठरवून अनुदान द्यायचं, अशी ही रचना. आज ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्र शिक्षण विभागाखाली येतं आणि गावातली शाळा शालेय शिक्षण विभागाखाली. दोन्ही इमारती एकाच पारासमोर असल्या तरी त्यांच्या फायली मंत्रालयात वेगवेगळ्या टेबलांवर फिरतात.

शाळेच्या आतली परिस्थिती आणखी मजेशीर. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला ग्रंथपालाचं पदच नाही. माध्यमिक शाळेत ते पटसंख्येवर ठरतं, आणि त्यातून 'अर्धवेळ ग्रंथपाल' नावाचा एक वर्ग तयार झाला, ज्याची पूर्णवेळ करण्याची मागणी करता करता अनेकांची नोकरी सरली. पुस्तकं जडवस्तू नोंदवहीत चढलेली. एखादं हरवलं तर ज्याच्या नावावर कपाट त्याची मान अडकते. म्हणून कपाटाला कुलूप. पुढे टीव्ही आला तेव्हा तोही त्याच वहीत चढला आणि त्यालाही कुलूप लागलं. मग संगणकाची खोलीही कुलपात गेली. शाळेत यंत्र का वापरलं गेलं नाही यावर पुष्कळ लिहिलं जातं, पण या वहीचा उल्लेख क्वचितच येतो.

टीव्ही शाळेत आला तो आकाशातून. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर, नासाचा एटीएस-६ उपग्रह उसना घेऊन भारतानं सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत थेट प्रक्षेपण केलं. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान ही ती राज्यं; महाराष्ट्र त्यांत नव्हता. आपली पाळी आली इन्सॅट या भारताच्या स्वतःच्या उपग्रहांच्या वेळी. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी ही शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी संस्था सुरू झाली. दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम पाहत मोठी झालेली एक पिढी आज स्वतः शिक्षकी पेशात आहे. केंद्राचा पैसा आटला, संस्था रडतखडत चालली आणि २०१७ मध्ये बंद झाली. तिच्याकडं मराठीतल्या शैक्षणिक चित्रफितींचा मोठा साठा होता. असा साठा जपायचा, त्याची सूची करायची आणि मागेल त्याला द्यायचा, हे ग्रंथपालाचं काम. पण ती संस्था पडली शाळेच्या बाजूची.

त्याच १९८४-८५ मध्ये केंद्रानं 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला आणि ब्रिटनमधले बीबीसी मायक्रो संगणक सुरुवातीला २५० शाळांत पोचवले. पुढे शाळांची संख्या दोन हजारांवर गेली. यंत्र आठ बिटांचं, सूचना इंग्रजीत, आणि बिघडलं तर दुरुस्तीला माणूस शोधायचा शहरात. शिक्षकाला प्रशिक्षण मिळालं ते अल्पमुदतीचं. २००४ साली 'आयसीटी @ शाळा' योजना आली तेव्हा दुरुस्तीचा आणि शिक्षकाचा प्रश्न कंत्राटानं सोडवायचं ठरलं: खासगी कंपनीनं प्रयोगशाळा उभारायची, माणूस द्यायचा, काही वर्षांनी सगळं शाळेच्या ताब्यात द्यायचं. मुदत संपली की संगणक शाळेत राहायचे आणि शिकवणारा घरी जायचा. नियमित शिक्षकांच्या वाट्याला आली एमएस-सीआयटी, म्हणजे राज्याची संगणक साक्षरतेची परीक्षा. मुदतीत ती न केलेल्यांच्या वेतनवाढी थांबल्या, आधी दिलेल्या वाढींच्या वसुलीचे वाद वर्षानुवर्षं चालले. संगणक म्हटलं की काही ज्येष्ठ गुरुजींच्या कपाळावर आजही आठी उमटते, ती या वसुलीमुळं.

ग्रंथालयांकडं तोवर वेगळंच दुखणं होतं: लिपी. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची हातानं केली आणि ती १९४४ मध्ये छापून आली. ती आजही उघडून वाचता येते. नव्वदच्या दशकात संगणकावर केलेल्या याद्यांबद्दल असं छातीठोक सांगता येत नाही. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं 'जिस्ट' तंत्रज्ञानानं मराठी पडद्यावर आणली, १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतांचं इस्की हे प्रमाणही ठरलं, पण बाजारात प्रत्येक फॉन्टवाल्याचे संकेत निराळे. एका फॉन्टमध्ये टंकलेली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की 'ज्ञानेश्वरी'च्या जागी चौकोन, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांची मिसळ दिसायची. शोध घेणं तर सोडाच, अकारविल्हे लावणंही जमायचं नाही. सगळीकडं एकच संकेत चालवणारा युनिकोड हळूहळू रुळला तेव्हा अनेक ग्रंथालयांनी नोंदी पुन्हा पहिल्यापासून केल्या. एनआयसीचं ई-ग्रंथालय, मुक्त प्रणालीतलं कोहा, विद्यापीठांसाठी इन्फ्लिबनेटचं सोल अशी ग्रंथालयाच्या नोंदी ठेवणारी सॉफ्टवेअर मिळाली, पण तालुक्याच्या 'ब' वर्ग ग्रंथालयात नोंदी करायला बसणार कोण, हा प्रश्न अनुदानाच्या आकड्यापाशीच येऊन थांबायचा.

शाळांच्या बाजूला पारडं फिरलं ते २०१५ च्या आसपास, आणि यावेळी यंत्र वरून आलं नाही. स्वस्त स्मार्टफोन शिक्षकांच्या खिशात आले होते. जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला. लोकवर्गणीतून टॅब, प्रोजेक्टर घेऊन शाळा 'डिजिटल' होऊ लागल्या. वर्गणीचं तत्त्व बडोद्याचंच, फक्त सरकारचा तिसरा वाटा गायब. 'शिक्षणाची वारी' भरू लागली. तिथं अधिकारी भाषण करणार आणि शिक्षक ऐकणार हा शिरस्ता थोडा मोडला: शिक्षक स्टॉल मांडून उभे, आणि दुसऱ्या जिल्ह्यातले शिक्षक 'हे कसं केलंत सर?' विचारत पुढे सरकताहेत. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड चिकटवले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत कोड छापून येऊ लागले, आणि २०१७ मध्ये आलेल्या दीक्षा या सरकारी ऑनलाइन शिक्षण प्रणालीशी ते जोडले गेले. डिसल्यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली, हे सर्वांना ठाऊक आहे. कोड स्कॅन करून पोर जिथं पोचतं ते खरं तर एक ग्रंथालय आहे, फक्त तिथं ग्रंथपाल नाही. कुठला व्हिडिओ आधी, कुठला नंतर, कुठला टाळावा, हे सांगणारं कुणी नाही.

ही उणीव २०२० च्या टाळेबंदीत उघडी पडली. शाळा बंद झाल्या, रोजचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर आला, 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांच्यासाठी अनेक गुरुजींनी पुस्तकं पिशवीत घालून वस्तीवर नेली आणि पारावर वर्ग भरवले. त्याच काळात गावातलं सार्वजनिक ग्रंथालय कुलपात होतं, आणि ते शाळेच्या उपयोगी कसं पडेल हे विचारणारा कागद कुठल्याच कार्यालयातून निघण्याची सोय नव्हती.

२०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुलं आणि किशोरांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली. ते पाहता यावं म्हणून राज्यांनी पंचायत आणि प्रभाग पातळीवर प्रत्यक्ष ग्रंथालयं उभारावीत, असंही त्यात म्हटलं. कल्पना चांगली आहे आणि बडोद्याच्या फार जवळची आहे. फक्त पंचायत येते ग्रामविकास विभागाकडं. म्हणजे आता तिसरं खातं.