एकच वाफ, चार वेळा

हिवाळ्यात कोल्हापूरकडे गेलं की पाहुण्याला गुऱ्हाळावर नेतात. उसाचा रस आटवायच्या उघड्या काहिलीवरून उठणाऱ्या वाफेचे फोटो निघतात. मला ती वाफ बघून हळहळ वाटते, कारण चुलवाणात जाळलेल्या चिपाडाची बरीचशी ऊब तिच्याबरोबर आभाळात चाललेली असते.

शाळेतला अप्रकट उष्मा आठवा. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे २९० किलोज्यूल लागतात, आणि त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला २,२५७. म्हणजे खरा खर्च तापवण्याचा नाही, आटवण्याचा. तो सगळा वाफेत दडलेला असतो. वाफेचं पुन्हा पाणी झालं की परत मिळतो.

साखर कारखान्याबद्दल बोलताना लोक हमखास म्हणतात, ‘त्यांना काय, चिपाड फुकटचंच!’ आकडेमोड करून बघू. दिवसाला ५,००० टन ऊस गाळला की साधारण तितकाच पातळ रस निघतो. त्यात साखर वगैरे विरघळलेलं १५ टक्के. ते ६० टक्क्यांपर्यंत न्यायचं, म्हणजे ३,७५० टन पाणी उडवायचं. एक टन पाणी उडवायला ढोबळमानाने एक टन वाफ. चिपाड मिळतं १,४०० टनांच्या आसपास आणि टनामागे वाफ होते सव्वादोन टन, म्हणजे ३,१५० टन. काहिलीच्या पद्धतीने कारखाना चालवला तर सगळं चिपाड जाळूनही रस पाक होणार नाही. वीज विकणं तर दूरच.

तरीही कारखाने वीज विकतात. त्याचं श्रेय नॉर्बर्ट रिलिएला जातं. जन्म १८०६, न्यू ऑर्लिन्स; आई कृष्णवर्णीय, पण गुलाम नसलेली; इंजिनिअरिंगचं शिक्षण पॅरिसला. तेव्हा लुइझियानात गुलाम उकळता रस पळ्यांनी एका कढईतून दुसऱ्या कढईत ओतत, भाजत. रिलिएने १८४० च्या दशकात पेटंट घेतलेल्या यंत्रात बंद भांडी एकापुढे एक जोडली.

पहिल्या भांड्यात (कारखान्यात त्याला ‘बॉडी’ म्हणतात) टर्बाइनमधून वीज करून बाहेर पडलेली वाफ नळ्यांभोवती फिरते आणि नळ्यांतला रस उकळतो. त्या रसाची जी वाफ होते ती दुसऱ्या बॉडीच्या नळ्यांभोवती सोडायची. पण पहिल्या रसाच्या वाफेने दुसरा रस कसा उकळेल? दोघांचं तापमान सारखंच झालं की उष्णता वाहायची थांबणार. इथेच खरी गंमत आहे. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० च्या वर उकळतं. दाब कमी केला की त्याच्या खूप आधी. म्हणून प्रत्येक पुढच्या बॉडीत दाब आधीच्यापेक्षा कमी ठेवतात. पहिलीत रस ११० अंशांच्या आसपास उकळतो, चौथीत ६० च्या खाली. शेवटची वाफ कंडेन्सरमध्ये गार पाण्याने आक्रसते, तिथे निर्वात तयार होतं आणि त्या ओढीवर सगळी साखळी चालते. चार बॉड्यांत तीच ऊब चारदा वापरली जाते, म्हणून ३,७५० टनांसाठी आता बाहेरून हजारेक टन वाफ पुरते. शिवाय घट्ट रस कमी तापमानाला आटल्याने साखर जळत नाही.

मग चारच का, चाळीस बॉड्या का नकोत? पाण्यावर गाडी चालवणारे ‘संशोधक’ दर वर्षी उगवतात, त्यांना हा प्रश्न नक्की आवडेल. उत्तर असं: पहिल्या बॉडीला दिलेली वाफ आणि शेवटच्या बॉडीतला रस यांच्यातला साठ-सत्तर अंशांचा उतार ठरलेला असतो, तो सगळ्यांत वाटला जातो. बॉड्या वाढवल्या की प्रत्येकीच्या वाट्याला थोडे अंश येतात, मग तितकंच पाणी उडवायला नळ्यांचं क्षेत्रफळ वाढवावं लागतं. त्यात घट्ट रस त्याच दाबाला पाण्यापेक्षा काही अंश जास्त तापमानाला उकळतो, म्हणजे प्रत्येक बॉडीत उतार आणखी गळतो. एका टप्प्यावर उरतं शून्य. ऊर्जा संपलेली नसते, उतार संपलेला असतो. नळ्यांत क्षारांची पुटं चढली तरी हाच उतार वाया जातो. म्हणून हंगामात अधूनमधून गाळप थांबवून त्या घासाव्या लागतात, आणि तो दिवस मॅनेजरच्या जिवावर येतो.

दरम्यान उसातलं पाणीही हाती लागतं. वाफेचं झालेलं शुद्ध, गरम पाणी बॉयलरला परत जातं, उरलेलं इतर कामांना. उसात सत्तर टक्के पाणीच असतं. काटेकोर चालवलेल्या कारखान्याला गाळपासाठी नदीकडे फारसं बघावं लागत नाही.

चौथ्या बॉडीतून सुटलेल्या कोमट वाफेचा मात्र उपयोग उरत नाही. तिची ऊब कंडेन्सरच्या पाण्यात जाते आणि ते पाणी कारंज्यांनी उडवून गार करतात. थंडीत पहाटे कारखान्यामागच्या त्या तळ्यावर धुकं तरंगतं, ते हेच.