काल वाजला, आज उठेना : पॉवर्ड स्पीकर चालू होत नसेल तर

कार्तिकात काकड आरत्या सुरू झाल्या की खानापूरकडून एक ठरलेली तक्रार येते. "पहाटे साडेचारला बटण दाबलं तर स्पीकर मेलेला. लाईटसुद्धा लागली नाही. ऊन चढल्यावर दहाला सहज बटण दाबलं, तर वाजायला लागला! भूत लागलंय काय?"

भूत नाही. आतला पाच-दहा रुपयांचा एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा पार्ट, वाळलाय. हा बिघाड कसा होतो हे ग्राहकाला कळलं की त्याचे पैसे वाचतात, म्हणून आमच्या दुरुस्तीच्या दुकानाचं हे पत्रक.

पूर्वीच्या अॅम्प्लिफायरमध्ये किलोकिलोचा ट्रान्सफॉर्मर असायचा. बटण दाबलं की चालू, विषय संपला. आताच्या पॉवर्ड स्पीकरच्या, म्हणजे अॅम्प्लिफायर आतच असलेल्या स्पीकरच्या, पाठीत एसएमपीएस (हलका स्विचिंग पॉवर सप्लाय) बसवलेला असतो. त्यामुळे स्पीकर एका हाताने उचलता येतो, पण त्याचं सुरू होणं जरा नाजूक झालंय. सॉकेटमधल्या २३० व्होल्टचं आत आधी साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतं. मग एक नखाएवढा आयसी (चिप) मॉस्फेट नावाच्या स्विचकडून ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करवत छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पुढे पाठवतो. पण हा आयसी आधी स्वतः जागा व्हायला हवा ना! त्यासाठी एका रेझिस्टरमधून थेंबथेंब करंट येतो आणि लहानशा कपॅसिटरमध्ये साठतो. नेहमी दिसणाऱ्या यूसी ३८४२ आयसीचं उदाहरण घ्या : १६ व्होल्ट साठले की तो काम सुरू करतो, १० च्या खाली आले की बंद पडतो. एकदा सुरू झाला की त्याचा खुराक त्याच ट्रान्सफॉर्मरच्या एका वेगळ्या वाइंडिंगमधून मिळतो.

विहिरीवरच्या पंपाचंच बघा. फूट व्हॉल्व्ह गळका झाला तरी चालता पंप पाणी ओढत राहतो. पण लाईट गेली, पंप थांबला, पाईप रिकामा झाला की पुन्हा पाणी भरल्याशिवाय उचलत नाही. स्पीकरचं तेच. तो लहान कपॅसिटर वाळला की आयसीला जागा करण्याइतका साठा होत नाही, पण आधीच चालू असलेला स्पीकर चालत राहतो. सप्ताहात आठ दिवस न थांबता वाजतो, शेवटच्या रात्री बंद करून ठेवला की सकाळी उठत नाही. मग लोक म्हणतात, "काल तर चांगला होता!" काल तो चालू होता एवढंच. चांगला नव्हता.

थंडीत वाळका कपॅसिटर आणखी कमजोर पडतो, थोडी ऊब मिळाली की तात्पुरता सावरतो. काकड आरतीचं कोडं ते हे. असा स्पीकर "दहाला लागतोय की" म्हणून तसाच वापरू नका, कधीतरी ऐन मिरवणुकीत तो दहालाही लागणार नाही.

दुसरा प्रकार टिकटिकीचा. लाईट लुकलुकते, आतून टिक… टिक… असा बारीक आवाज येतो. आयसी जागा होतोय, खुराक मिळत नाही म्हणून झोपतोय, परत जागा होतोय. कारण पुन्हा तोच कपॅसिटर असू शकतं, किंवा पुढे अॅम्प्लिफायरच्या बाजूला काहीतरी शॉर्ट असतं. दोन्हीत खर्चाचा फरक मोठा, आणि बाहेरून बघून आम्हालाही सांगता येत नाही. टिकटिक ऐकू आली की प्लग काढा. "परत एकदा बघूया" करत वीस वेळा बटण दाबलेले स्पीकर आमच्याकडे येतात, त्यातल्या काहींचा बिघाड वाटेतच वाढलेला असतो.

फ्यूज उडाला असेल तर काच नीट बघा. काच स्वच्छ आणि आतली तार नुसती तुटलेली असेल तर एकदाच, त्याच नंबरचा नवा फ्यूज घालून बघायला हरकत नाही. काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर आत मॉस्फेट किंवा ब्रिज (एसीचं डीसी करणारा पार्ट) शॉर्ट आहे असं धरून चाला, नवा फ्यूजही उडणार. आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार? गेल्या खेपेला असा एक बोर्ड आला, त्यावर पट्ट्या जळून नुसता कोळसा उरला होता. दुरुस्त करायला काही शिल्लकच नव्हतं.

आणण्याआधी एवढं घरी बघा. त्याच सॉकेटवर मोबाईलचा चार्जर चालतो का? केबल दुसऱ्या स्पीकरला लावून बघितली का? फिरवून बसवायचा निळा प्लग असेल तर तो टक् करून लॉक झालाय ना? यातच निम्मी गाडी अडलेली असते. लांबून बारीक वायर ओढून आणलेली असेल आणि पंखा मंद फिरत असेल, तर व्होल्टेज कमी आहे. काही स्पीकर अशा वेळी मुद्दामच सुरू होत नाहीत. बाहेरदेशातून आणलेल्या जुन्या स्पीकरच्या मागे ११५/२३० चं बटण असतं. ते ११५ वर असताना आपल्या लाईनला लावलात तर कपॅसिटर फुटतो, आणि आवाज चांगलाच होतो.

मंडळवाल्यांसाठी एक वेगळं. गणपतीत किंवा शिवजयंतीच्या चित्ररथावर तीन फेजची जोडणी करताना न्यूट्रल सैल राहिला, तर एखाद्या फेजवरच्या स्पीकरला ४०० व्होल्टच्या आसपास मिळू शकतात. एका झटक्यात रांगच्या रांग जाते. न्यूट्रल चांगल्या वायरमनकडून कसून घ्या. जनरेटर आधी सुरू करून दोन मिनिटं स्थिर होऊ द्या, स्पीकरचं बटण शेवटी. बंद करताना उलट, आधी स्पीकर.

पाठीमागचा पत्रा मात्र उघडू नका. जो एसएमपीएस सुरूच होत नाही, त्यातला मोठा कपॅसिटर ३२५ व्होल्ट भरून तसाच बसतो, कारण करंट ओढणारं कुणी नसतं. प्लग काढून बराच वेळ झाला तरी फटका बसू शकतो. वॉरंटी असेल तर आमच्याकडेही आणू नका, आधी कंपनीच्या सर्व्हिसला जा.

आमच्याकडे आणलात तर तुमच्यासमोर १०० वॅटचा जुना तारेचा पिवळा बल्ब सिरीजला (स्पीकरच्या वाटेतच) लावून स्पीकर चालू करतो. बल्ब क्षणभर लागून मावळला तर बरं. लागलेलाच राहिला तर शॉर्ट आहे. धडधडत लुकलुकला तर टिकटिकवाला. खर्चाचा अंदाज त्यानंतरच सांगतो, फोनवर विचारू नका.

येताना केबल सोबत आणा. शेवटचा कधी वाजला, लाईनवर होता की जनरेटरवर, लाईट लागते का, टिकटिक येते का, एवढं चिठ्ठीवर लिहून आणलंत तर आमचा अर्धा तास वाचतो. टेम्पोच्या ड्रायव्हरकडे नुसता स्पीकर देऊन पाठवला की त्याला यातलं काहीच माहीत नसतं. काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून परत देतो, विसरलो तर मागून घ्या.