घाम प्रायमरला जुमानत नाही

गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, नथ घालून सकाळी उभं राहिलं की मेकअप सगळ्यात आधी बिघडतो तो नथीच्या आजूबाजूला. नाकपुडीच्या कडेचं फाउंडेशन फाटतं, कपाळ चकाकायला लागतं, गाल मात्र जसेच्या तसे असतात. एकच चेहरा, फाउंडेशनच्या आधी लावलेला एकाच ट्यूबमधला प्रायमर आणि तीन ठिकाणी तीन तऱ्हा! कपाळ, नाक आणि हनुवटीच्या पट्ट्यात तेलग्रंथी दाट असतात, गालांवर विरळ, आणि डोळ्यांखाली त्वचा अगदी पातळ. म्हणून ‘माझी त्वचा कोणत्या प्रकारची’ यापेक्षा ‘माझ्या चेहऱ्यावर कुठे काय वर येतं’ हे पाहून प्रायमर घ्यावा.

हे घरीच पाहता येतं. सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून घ्या आणि काहीही न लावता तासभर थांबा. एसीत बसू नका. मग टिश्यू पेपरचे वेगवेगळे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर दाबा आणि उजेडाकडे धरा. जिथला कागद पारदर्शक होतो, तिथे तेल आहे. कागद कोरडा राहिला आणि चेहरा ओढल्यासारखा वाटत असला, तर ती जागा कोरडी. मुंबईत तिसरा प्रकारही पुष्कळ दिसतो: नाकाकपाळावर तेल, पण दिवसभर एसी ऑफिसात बसल्यामुळे त्याच त्वचेत पाणी कमी. असा चेहरा चकाकतोही आणि त्यावर बारीक पापुद्रेही दिसतात. त्यावर तेल शोषणारा प्रायमर थापला की पापुद्रे आणखी उठून दिसतात.

नितळ, मखमली लागणाऱ्या बहुतेक प्रायमरांचा पाया डायमेथिकोनसारखं सिलिकोन असतो. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी असल्यामुळे ते चटकन पसरतं आणि बारीक खळग्यांत उतरतं. रंध्रं काळपट दिसतात ती बऱ्याच अंशी खळग्यात पडणाऱ्या सावलीमुळे. खळगा भरला की सावली फिकी होते. रंध्रं ‘बंद’ होत नाहीत, कारण त्यांना उघडमीट करणारा स्नायूच नसतो. गार पाण्याने ती मिटतात हा समजही म्हणूनच सोडून द्यावा. प्रायमरमधलं सायक्लोपेंटासिलोक्सेन हे दुसरं सिलिकोन लावताना सरकपणा देतं, मग उडून जातं आणि मागे पातळ थर राहतो. ते उडायला मिनिटभर तरी द्यावं लागतं.

या थराला घाम थांबवता येत नाही. घाम खालून येतो आणि थर असतो वर. कोरड्या हवेत घाम तयार होताच उडून जातो. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की तो लवकर उडत नाही, त्याचे थेंब होतात आणि थेंब थराला खालून उचलतात. त्यामुळे लोकलमधून उतरून लगेच मेकअप करायला बसू नये. पंख्याखाली दहा मिनिटं बसावं, मानेवर ओला रुमाल ठेवावा, घाम थांबल्यावर चेहरा टिपावा आणि मग सुरुवात करावी. महागड्या ट्यूबपेक्षा ही दहा मिनिटं जास्त काम करतात.

तेलकट जागेसाठी घटकांच्या यादीत सिलिका किंवा केओलिन (पांढरी माती) शोधा. डायमेथिकोन स्वतः तेल शोषत नाही, ते काम सिलिकाचे सच्छिद्र कण करतात. त्यांचीही मर्यादा असते. कण तेलाने भरले की पारदर्शक होतात आणि चकाकी परत येते. अशा वेळी वरून पावडर मारली की तेलात कालवून तिचा चिखल होतो. आधी ब्लॉटिंग पेपर दाबून तेल उचला, घासू नका, आणि लागलीच तर चिमूटभर पावडर लावा. दुपारी फाउंडेशन काळवंडतं तेव्हा ‘ऑक्सिडाइझ झालं’ म्हणतात. पण त्यातले पिवळे, लाल, काळे रंग मुळात लोहाची ऑक्साइडंच असतात. काळवंडण्याचं मोठं कारण म्हणजे ते तेलाने भिजतात. चौपाटीची कोरडी वाळू फिकी आणि ओली वाळू गडद दिसते, तसंच हे.

कोरड्या जागेवर सिलिकाचा प्रायमर नकोच. तिथे ग्लिसरीन असलेला पाणीदार प्रायमर घ्यावा, तोही मॉइश्चरायझर लावून पाच-दहा मिनिटं झाल्यावर. पापुद्रे झाकणं प्रायमरला जमत नाही, ते मॉइश्चरायझरने आधीच मऊ करावे लागतात. फाउंडेशन पकडून ठेवणारे चिकट प्रायमर बहुधा याच जातीचे असतात. ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं, त्यामुळे जुलैत हा थर चिकटच राहतो. तो सुकण्याची वाट पाहू नये, मिनिटभरात ओल्या स्पंजने फाउंडेशन थापटत बसवावं.

प्रमाण पाहू. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढा प्रायमर पुरतो, फक्त नाक-कपाळाला त्याचा अर्धा. बोटावर घेऊन आधी नाकाच्या कडेला आणि गालांच्या रंध्रांवर हलके दाबत बसवावा आणि उरलेला बाहेरच्या बाजूला पसरवावा. डोळ्यांखाली बोटावर उरलासुरला असेल तेवढाच पुरे. जास्त घेतला तर तो सुरकुतीत साचतो आणि हसताना तिथेच चिरतो.

सनस्क्रीन मात्र प्रायमरच्या आधी आणि भरपूर हवं. एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या जाडीवर मोजलेला असतो. प्रायमरवर एसपीएफ छापलेलं असलं तरी वाटाण्याएवढ्या थरातून ती जाडी मिळत नाही. सनस्क्रीन लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. ओल्या सनस्क्रीनवर प्रायमर चोळला की मळासारख्या वळ्या निघतात. त्यामागे तीन चुका असतात: खालचा थर ओला, वरचा थर जाड, किंवा हात गोल गोल फिरवणं. वळ्या दिसल्या की घासत बसू नका, तो भाग पुसून पुन्हा लावा.

‘सिलिकोनवर सिलिकोन, पाण्यावर पाणी’, म्हणजे प्रायमर ज्या जातीचा त्याच जातीचं फाउंडेशन, हा नियम अर्धाच खरा आहे. पुष्कळ फाउंडेशनांत पाणी आणि सिलिकोन दोन्ही एकत्र घुसळलेली असतात, त्यामुळे यादीत पहिलं नाव पाण्याचं असलं तरी ती सिलिकोनवर नीट बसतात. यादी वाचून अंदाज बांधण्यापेक्षा हाताच्या मागच्या बाजूला प्रायमर लावा, दोन मिनिटांनी त्यावर फाउंडेशन थापटा आणि दहा मिनिटांनी बोट फिरवा. थेंब सुटले किंवा वळ्या आल्या तर ती जोडी जमणारी नाही.

नाजूक किंवा मुरुमांच्या त्वचेला सुगंध आणि अल्कोहोल नसलेला प्रायमर बरा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला तो रोज दोनदा, असा सात दिवस लावून पाहा. सिलिकोनने त्वचेचा श्वास कोंडतो ही भीती मात्र अनाठायी आहे. डायमेथिकोनच्या थरातून पाण्याची वाफ सहज बाहेर जाते. पुरळ आलाच तर सोबतचे जड तेलकट घटक आणि अर्धवट पुसलेला मेकअप यांच्याकडे आधी पाहावं.

सिलिकोनवर टिकली टिकत नाही, हे लग्नघरात ऐन वेळी कळतं. स्टिकरमागचा गुळगुळीत कागद सुटावा म्हणून त्याला सिलिकोनचाच लेप दिलेला असतो. म्हणजे कपाळावर प्रायमर लावून आपण टिकलीखाली तोच कागद अंथरतो! भुवयांमधली रुपयाएवढी जागा मोकळी सोडा. राहून गेलं, तर इअरबडला मेकअप रिमूव्हर लावून तेवढीच जागा पुसा, मग ओल्या आणि शेवटी कोरड्या बडने टिपा आणि टिकली लावा.

रात्री नुसत्या पाण्याने हा थर जात नाही. कोरड्या चेहऱ्यावर क्लेन्झिंग बाम किंवा तेल मिनिटभर फिरवा, थोडं पाणी घालून ते दुधाळ झालं की धुवा, मग फेसवॉश लावा. शेवटी ओला कापूस नाकपुडीच्या कडेने आणि केसांच्या रेषेवरून फिरवून पाहा. त्यावर रंग आला, तर तेवढ्या जागेला पुन्हा बाम.